अर्धा सूर खाली

जाम, ता. समुद्रपूर
१९ जानेवारी २०२५, रविवार

जया,

आशीर्वाद. वासुदेवरावांले नमस्कार, खुशीले पेपरासाठी आशीर्वाद. इकडं बरं आहे. वांग्याचा तोडा चालू आहे, भाव नाई.

संक्रांतीले तुहा फोन आला अन् मी कापला. तू पुन्हा केला, पुन्हा कापला. राग आला असंल तं येऊ दे, पण आधी हे सारं वाच. चौथी शिकलेली बाई लिहून राह्यली, चुका काढत बसू नोको.

दिवाळीपासून माह्या उजव्या गालात कळ येत होती. कळ कशाची, विजेचा झटकाच. वारा लागला तरी ओरडत होती मी. दातवाल्यानं चांगली दाढ उपटली, उपेग शून्य. मग वर्ध्याचा डॉक्टर म्हणे, चेहऱ्याची नस आहे. गोळी देल्ली. सून गुंजननं मोबाइलवर पाह्यलं तं म्हणते, "आत्याबाई, हे तं मिरगीची गोळी आहे!" मी डॉक्टरले फोनवर झाडलं, "मले कधी फिट आली? दुसऱ्याची गोळी मले काऊन देल्ली?" तो हासला. म्हणे, नसेच्या दुखण्यावरही हेच चालते. चाललं. आठवड्यात कळ गेली.

मग भजनाचा गुरुवार आला. भैय्याजीनं पेटी वाजवली अन् मी थांबवलं. "तीस वर्सांपासून काळी चार ठरली आहे. अर्धा सूर खालची पांढरी पाच काऊन धरली?"

"रंभाबाई, बोट पाहा माहं. काळी चारच आहे."

पाह्यलं, तं काळी चारच. तरी म्हटलं, पेटी बिघडली तुमची, नागपूरले नेऊन दुरुस्त करा. सारं मंडळ हासलं. पण घरी येता येता देवळाची घंटा, एसटीचा हॉर्न, गुंजनचं बोलणं, सारंच अर्धा सूर उतरलेलं. जसं का कोणी अख्खं गावच खालच्या पट्टीत धरलं.

डॉक्टर म्हणे, "क्वचित एखाद्याले या गोळीनं असं होते. बंद केली की जाईल." बापा! एवढीशी गोळी, जया, चण्याच्या डाळीएवढी, अन् साऱ्या जगाचा सूर हलवते. मी कशालेही भुलणारी बाई नाई, तुले माहीत आहे. पण ते गोळी तळहातावर घेऊन मी पाहतच राह्यली.

अन् मग तुहा फोन. "बाई, तिळगूळ घ्या, गोड बोला." मी खालीच बसली व. आपली गेलेली आई बोलून राह्यली होती. आईचा आवाज तुह्यापेक्षा थोडा जाड, एवढाच फरक. तो गोळीनं काढून टाकला. तुम्हा दोघींत अर्धाच सूर होता अन् मले इतक्या वर्सांत कळलं नाई. घाबरली म्हून कापला. दुसऱ्यांदा आयकायचं होतं, पण बोलाले तोंड नव्हतं.

काऊन नव्हतं ते लिहते. मधात उठून पाणी पिऊन आली.

आई झोपेत गेली असं मी तुले सांगतलं होतं. खोटं सांगतलं. तीन दिवसांपासून ते म्हणत होती, "जयाले बोलाव." मी म्हटलं, तोडा आटपू दे, वांगे जून होतील, रविवारी फोन करते. शनिवारी सकाळी म्हणे, "जया निघाली काय?" मी म्हटलं, "हाव, निघाली." मग ते दाराकडं तोंड करून पडली. दुपारी गेली.

दोन वर्सं झाले. तू म्हणत राह्यली, बाई, निदान तिले त्रास नाई झाला. अन् मी हाव म्हणत राह्यली.

आता परवा मळ्यात भोवळ येऊन पडली. गोळीनं रक्तातलं मीठ कमी झालं म्हणे. डॉक्टर गोळी बदलून राह्यला. उद्याचा सोडून पुढच्या सोमवारी, २७ तारखेपासून हे गोळी कमी होईल, अन् सूर जागेवर येईल. मी म्हटलं, एक महिना राहू द्या. तो ओरडला. बरोबरच ओरडला.

तं त्याच्या आधी येजो. पुलगाववरून वर्धा, वर्ध्यावरून एसटी. माह्या समोर बसून जे बोलायचं ते बोलजो, शिव्या देजो. आईनं मले जे म्हणाले पाहिजे होतं ते तिच्याच आवाजात आयकायचं आहे. मी मधात तोंड घालणार नाई.

सत्तावीस नंतर आली तरी येजो. तेव्हा तुहा आवाज तुहाच राहील, अन् तोही मले आयकाच लागंल.

तुही, तुह्याशी खोटं बोललेली बहीण,
रंभा