डाव्या बाजूची जागा

४ फेब्रुवारी

अभिराज चालवणार! माझी फियाट, आणि चालवणार अभिराज!

मी स्वयंपाकघरात भेंडी चिरत होते. हे हॉलमध्ये फोनवर नरसिंगरावांशी बोलत होते. जुन्या गाड्यांच्या क्लबाची वार्षिक सहल बावीस तारखेला आहे, देवनहळ्ळीच्या किल्ल्यापर्यंत. "येणार हो आमची गाडी. अभिराज चालवेल. कावेरी बसेल त्याच्या शेजारी." झालं! ठरलं! मला विचारायचं कारण काय? मी भेंडी चिरतेय ना!

गाडी माझ्या अप्पांची. कागदावर नाव माझं. लग्न झालं तेव्हा हे बसने फिरत होते.

वर्षभरापासून यांचा गुडघा दुखतो. क्लच दाबवत नाही म्हणून स्टिअरिंग सोडलं. बरं, सोडलं. पण माझे दोन्ही गुडघे शाबूत आहेत की नाही? मल्लेश्वरमच्या बाजारात गाडी कोण नेतं? आठव्या क्रॉसच्या गल्लीत गाडी मागे घेत कोण लावतं? अभिराज म्हणजे यांच्या धाकट्या भावाचा मुलगा, पुण्याहून इथे नोकरीला आलेला. त्याच्या स्वतःच्या गाडीला क्लचच नाही!

भेंडी करपली. करपलेलीच वाढली.

५ फेब्रुवारी

राग गेला नाही. पण आज गाडी पुसताना अप्पा आठवत राहिले.

चामराजपेटेतल्या आमच्या गल्लीत गाडी आली तेव्हा मी शाळेत होते. अप्पांचं ट्रंकांचं दुकान होतं. शेजारच्या तुंगाबाईंचे सगळे नातू मडगार्डवर हात ठेवून उभे राहिले, जणू गाय विकत आणली आहे. उजव्या बाजूला तेवढा एक आरसा होता. कोणी म्हणालं, "अण्णा, डावीकडेही एक बसवून घ्या." अप्पा म्हणाले, "कशाला? तिथे माणूस बसतो ना!"

तोच आमच्या घरचा कायदा झाला. डाव्या सीटवर बसणाऱ्याने झोपायचं नाही, शेंगा सोलायच्या नाहीत. गाडी डावीकडे वळायची असली की चालवणारा नुसता "काय?" म्हणणार. डावीकडच्याने खिडकीतून डोकं काढून मागे बघायचं, आणि मोकळं असलं तर म्हणायचं, "सरी," म्हणजे ठीक. मगच चाक वळणार. आई हे काम डोक्यावरचा पदर एका हाताने धरून करायची. अवघी इंग्रजी चौथी शिकलेली, पण तिच्या "सरी"वर अप्पा डोळे मिटून वळत.

मला चालवायला अप्पांनीच शिकवलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये सिस्टर फिलोमिना होत्या, शाळेची करडी व्हॅन स्वतः चालवायच्या. "हॉर्न म्हणजे रस्त्यात ओरडणं, गर्ल्स. चांगल्या मुली ओरडत नाहीत." अजूनही मी हॉर्न वाजवते तो खोकल्यासारखा!

मग लग्न. गावात मी चालवायची आणि लांबच्या वाटेला हे. सकलेशपूर, आगुंबे, बेळगावची लग्नं. घाटात धुकं असो, ट्रक असोत, मी डावीकडे बसून सरी म्हणत गेले. यांनी एकदाही मान वळवून खात्री केली नाही. मी सरी म्हटलं, की वळले. प्रेम म्हणजे काय, असं मला कोणी विचारलं असतं तर मी हेच सांगितलं असतं. कोणी विचारलं नाही.

आणि तोच माणूस आता म्हणतो, अभिराज चालवेल!

७ फेब्रुवारी

अभिराज सरावाला आला. गॉगल लावून.

"काकू, गिअर कुठंय?"

"स्टिअरिंगला."

"वाव! आणि रिव्हर्स?"

"तोही तिथेच. शोध."

सापडेना. फाटकासमोर गाडी आडवी, मागे दोन ऑटो. एका ऑटोवाल्याने मान बाहेर काढून विचारलं, "सार, स्वल्प उतरून अम्मांना देता का?" मला त्या माणसाला घरी जेवायला बोलवावंसं वाटलं. अभिराज तीनदा गाडी बंद पाडून म्हणाला, "काकू, हिचा मूड नाहीये आज." हिचा मूड! चोक ओढायचा असतो तो याने पिशवी अडकवायचा हुक समजून पिशवी अडकवली!

पोरगा वाईट नाही. उतरल्यावर हळूच म्हणाला, "काकू, खरं सांगू? मला भीती वाटते हिची. काकांना नाही म्हणता येईना." मग हे मला बरं सांगता येतं? सगळ्यांना मीच एक सापडते.

हे ओट्यावर बसून ऐकत होते. म्हणाले, "जमेल त्याला." काय बघून म्हणाले कोण जाणे.

८ फेब्रुवारी

अबोला. उप्पीट केलं. एकाच माणसापुरतं.

१० फेब्रुवारी

स्वतः गेले नरसिंगरावांकडे. म्हटलं, चालक म्हणून माझं नाव लिहा.

"वहिनी, तुम्ही? अहो, लेडीजसाठी आम्ही वेगळं ठेवलंय की! किल्ल्यापाशी नाश्ता, मग साडी आणि गाडी मॅचिंग स्पर्धा. गेल्या वर्षी फार रंगली."

"माझी गाडी पांढरी आहे. पांढरी साडी नेसून येऊ का?"

नरसिंगरावांना चहाचा ठसका लागला. मग म्हणाले, "तसं नव्हे हो... प्रतापला विचारलंत?" चाळीस वर्षांत प्रतापला कोणी विचारलं होतं का, कावेरीला विचारलंस म्हणून?

शेवटी लिहिलं नाव. चालक: कावेरी. शेजारी कोण, ती जागा कोरी ठेवली. जुन्या गाडीत एकट्याने यायचं नाही, हा क्लबाचा नियम. चालक आणि शेजारी, जोडीनेच.

११ फेब्रुवारी

सांगितलं यांना. म्हटलं, "मी चालवणार, तुम्ही डावीकडे बसायचं."

"मी नाही बसणार डावीकडे."

असं! मी बसले ती चाळीस वर्षं? घाटात उलटी दाबून, लेकीला, हर्षिताला, मांडीवर घेऊन, खिडकीतून पावसात डोकं काढून? ती जागा माझ्यासाठी चांगली, यांच्यासाठी हलकी?

म्हणाले, "तसं नाही गं. डावीकडचं तुझ्यासारखं कोणाला सांगता येत नाही. तू तिथे हवीस. म्हणून अभिराजला म्हटलं."

काय पण साखर पेरणं! मी म्हटलं, "प्रतापराव, मी येडी दिसते का?" मी यांना नावाने हाक मारते तेव्हा पाणी कुठवर आलं आहे हे यांना कळतं. उठले आणि बाहेर गेले. जाताना उंबऱ्याला ठेचकाळले. गुडघा!

१४ फेब्रुवारी

हर्षिताचा फोन. "आई, बाबांना नाही बसायचं तर राहू दे ना. कशाला हट्ट?" माझा तो हट्ट, त्यांचा तो स्वभाव. माझ्या पोटची पोर!

रात्री जेवताना हे म्हणाले, "बसतो मी. तू चालव."

एवढंच. मी जिंकले. मग बरं का वाटत नाही?

१८ फेब्रुवारी

आज बरं वाटलं! गाडी कशी शिवणयंत्रासारखी चालते आहे. प्लग साफ केले, पाणी भरलं, सीटवर नवी खोळ चढवली. संध्याकाळी दोघं सँकी तळ्यापर्यंत गेलो. हे डावीकडे बसले होते. डॅशबोर्डवरून, दाराच्या कडीवरून बोटं फिरवत होते, लहान बाळाचं अंग चाचपावं तशी.  म्हटलं, दुखावलंस गं तू माणसाला. घरी आल्यावर शेवयांची खीर केली.

वाटेत डावं वळण एकही आलं नाही. आता लिहिताना लक्षात येतंय. उगीच.

२२ फेब्रुवारी, रविवार

 झालं ते सगळं लिहिणारच.

सकाळ सोन्यासारखी. मैदानावर रांगेने गाड्या, बॉनेटवर झेंडूच्या माळा. नरसिंगराव फेटा बांधून हजर. मला बघून म्हणाले, "वहिनी, सावकाश हं!" त्यांची स्वतःची गाडी हेब्बाळच्या आधीच वाफ सोडून उभी राहिली. मी खोकल्याइतका हॉर्न वाजवून पुढे गेले. अगदी चांगल्या मुलीसारखी!

देवनहळ्ळी ओळखू येत नाही. जिथे द्राक्षांचे मळे होते तिथे प्लॉटांचे फलक, कमानी, कुंपणं. मी यांना सगळं सांगत होते, हे पाडलं, ते बांधलं. हे "हं, हं" म्हणत होते. किल्ल्यात इडली-वडा झाला. सगळं सुरेख चाललं होतं.

परत निघताना किल्ल्याच्या गल्लीतून मोठ्या रस्त्याला डावीकडे वळायचं होतं. मी विचारलं, "काय?"

हे म्हणाले, "सरी."

मी वळले. मान वळवली नाही. कशी वळवणार? त्यांनी माझ्यासाठी कधी वळवली होती?

धाडकन आवाज झाला. डाव्या दाराला घासून स्कूटर आडवी. एक बाई खाली, आणि तिच्या पोत्यातले पपनस रस्ताभर घरंगळत चाललेले. देवनहळ्ळीचे ते मोठाले पपनस, बसच्या चाकाखाली फुटत होते. बाई उठली, कोपर रक्ताळलेलं, आणि माझ्याकडे बघून कडाडली, "कण्णु काणल्वेनम्मा?" दिसत नाही का गं बाई तुला!

खरंच तर विचारत होती. मी पाया पडायची राहिले. दवाखान्यात नेलं, खरचटण्यावर निभावलं, देव पावला. तिथेच तिने मला विचारलं, "नवीन शिकताय का?" माझ्या वयाला!

मागून क्लबवाले आले. नरसिंगराव सगळ्यांदेखत म्हणाले, "मी सांगत होतो. हौस वेगळी, हायवे वेगळा." कोणीतरी हसलं. मी यांच्याकडे बघितलं. एक शब्द हवा होता. "सरी मी म्हटलं होतं," एवढा एक. हे गाडीला टेकून उभे, तोंडाला कुलूप! मला सगळ्यांचे टोमणे खाऊ दिले.

मग ठरवलं गेलं की गाडी अभिराज नेईल. तो दुसऱ्या कोणाच्या गाडीतून नाश्त्याला आला होता. हे मागे बसले. मी माझ्या गाडीत डावीकडे बसून परत आले. वाटेभर अभिराजला सरी म्हणत.

२३ फेब्रुवारी

मुद्दाम केलं. दुसरं काय?

अप्पांच्या गाडीला पहिल्यांदा खोक पडली. ती बाई मेली असती. आणि हे बसले होते तोंड फुगवून, "बसतो मी" म्हणत, मनात हेच की बघू कशी चालवते! खिडकीबाहेर बघायचीही तसदी घेतली नाही. नुसतं सरी म्हणून टाकलं, भिकाऱ्याला नाणं टाकावं तसं.

विचारलं तोंडावर. "बघितलं होतंत की नाही?"

"बघितलं होतं."

"मग दिसली नाही बाई? पोतं दिसलं नाही?"

उठून ओट्यावर जाऊन बसले. जेवायला उठले नाहीत. मी आग्रह केला नाही.

त्या शब्दावर मी उभा जन्म काढला. आता या माणसाशेजारी मी गाडीत बसणार नाही. ना डावीकडे, ना उजवीकडे. हर्षिताला कळवलं, गाडी विकून टाक म्हणून.

२४ फेब्रुवारी

हे सकाळीच ऑटो करून कुठेतरी गेले. सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

दुपारी नरसिंगरावांचा फोन. फेटा उतरवल्यासारखा आवाज. "वहिनी, मी परवा बोललो ते मागे घेतो. सगळ्यांना कळवलंय तसं." मी म्हटलं, का, एकदम काय झालं? म्हणाले, "प्रताप येऊन गेला. चूक त्याची होती म्हणाला. बाकीचं तोच सांगेल."

चूक त्यांची! हे मला आज, फोनवरून, तिसऱ्याकडून! रस्त्यात चार माणसांत म्हणायला काय झालं होतं? उद्या चहाच्या वेळी याचा निकाल लावते. काय काय बोलायचं ते सगळं मनात मांडून ठेवलं आहे.

२५ फेब्रुवारी

सकाळी हे ओट्यावर बसले होते, तोंड रस्त्याकडे. मी चहा घेऊन गेले. भांडायचं होतं, म्हणून पाय न वाजवता गेले आणि शेजारी उभी राहिले. हे स्वतःहून बघतील, मग सुरू करू म्हटलं. बघेनात. रस्त्याकडे बघत राहिले. थोड्या वेळाने मान उजवीकडे, दाराकडे वळवून आत हाक मारली, "कावेरी! इकडे येतेस का? तुला काही सांगायचं आहे." उत्तर आलं नाही म्हणून मोठ्याने पुन्हा मारली.

मी तिथेच होते. त्यांच्या डाव्या खांद्यापाशी, हातभर अंतरावर, चहाची वाफ त्यांच्या कानाला लागेल इतकी जवळ. आणि त्या बाजूचं त्यांना दिसतच नव्हतं.