चार की आठ

प्रिय ताई,

तुझं पाकीट मिळालं, तीन वर्षांत पहिलंच. वर पत्ता तुझ्या हातचा, म्हणून उघडायच्या आधी हात धुतले. हसू नकोस, तुझ्या लॅबचीच सवय. आत दोन ओळी खुशालीच्या, दोन कामाच्या आणि एक टाइप केलेला कागद. त्या कागदाकडे नंतर येतो.

मी बरा आहे. तीन नोकऱ्या सोडल्या, ही चौथी. शीतगृहात गोठवलेल्या मालाच्या खोक्यांवर आकडे घालतो. अजून कुणी चूक काढलेली नाही.

आकडे तूच शिकवलेस. चौथीत माझी शाळा सुटली, पाय एका जागी ठरत नव्हते, तरी तू फरशीवर खडूने गिरवून घ्यायचीस. वहीत मी इतकं खोडायचो की पानाला भोक पडायचं. खोडरबर हे नाव तेव्हाचं. मग तू प्रोटीनवर संशोधन करणारी मोठी बाई झालीस, हाताखाली चार विद्यार्थी, आणि बाटल्या धुवायला मी. खरं सांगू, विसळता विसळता तुझं सगळं शिकवणं मी ऐकायचो. ओळीने लावलेल्या नळ्यांत थेंब थेंब पडतं, त्यातल्या कुठल्या नळीत आपलं प्रोटीन उतरलं ते ओळखायचं. बर्फातून काढायचं नाही, हलवायचं नाही, फेस आला की गेलं. आणि वहीत खोडायचं नाही. चुकलं तर एकच रेघ, खालचं वाचता आलं पाहिजे. कुणाचं बिघडलं तर तू ओरडायची नाहीस, स्टूल ओढून शेजारी बसायचीस.

ओरडलीस ती एकदाच, माझ्यावर, सगळ्यांदेखत. मी नळ्यांवर आपले मराठी आकडे घातले आणि तुझ्या चार विद्यार्थ्यांतल्या त्या चष्मेवालीने ४ हा इंग्रजी आठ वाचला. तिचा दिवस वाया गेला. चूक माझीच. तो आठवडाभर मी रद्दी पेपरांवर इंग्रजी आकडे गिरवले, शाळेत गिरवले नव्हते एवढे. नंतर एकाही नळीवर मराठी आकडा नाही. तू स्वतः तपासून शाब्बास म्हणाली होतीस.

वर्षभराने तिचं दोन वर्षांच्या मेहनतीचं प्रोटीन गेलं. भर दुपारी नळ्या टेबलावर ठेवून ती फोनवर बोलत जिना उतरली ती उतरलीच. बर्फाचं पाणी झालेलं, नळ्या कोमट. मी तुला येऊन सांगितलं. तू म्हणालीस, बरं, बघते. आणि दुसऱ्या दिवशी मिटिंगमध्ये म्हणालीस, आमच्या बंधूंनी परत चाराचे आठ केले, चांगली नळी फेकली गेली. सगळे हसले. मीही हसलो गं, बहिणीची लाज राखायची म्हणून. संध्याकाळी बॅग भरली.

आता तो कागद. चष्मेवालीला पीएचडीसाठी मुदतवाढ हवी, समितीला लेखी कारण हवं. 'नळ्यांवरचे आकडे मी चुकीचे घातले', खाली माझ्या सहीची जागा. तू लिहितेस, तिची पाच वर्षं पाण्यात जातील, तुला काय फरक पडतो? पोरगी वाईट नाही. मला काच लागली तेव्हा पट्टी तिनेच बांधली होती. पण तिने खरं सांगितलं असतं तर तू तिच्याजवळ स्टूल ओढून बसली असतीस. मग खोटं बोलायची गरज कुणाला पडली, ताई? तिला की तुला? आणि फरक पडतो. माझ्याकडे डिग्री नाही. चार इयत्ता आणि तू शिकवलेले आकडे, एवढीच माझी कमाई. तीही चुकीची म्हणून सही करू?

कागद सोबत परत पाठवतोय. फाडला नाही, खोडला नाही. त्या वाक्यावर एकच रेघ मारली आहे, खालचं वाचता येतं. वर खरं काय झालं ते लिहून सही केली आहे. आज चार तारीख. ती मुद्दाम आपल्या आकड्यात घातली आहे. समितीला वाचता आली नाही, तर तू वाचून दाखव.

तुझाच,
खोडरबर