दहा किलोमीटरचा रिफंड

१ जुलै
आगाशिव डोंगर-दौडीत नाव घातलं. दहा किलोमीटर. फी भरली. मेव्हणा लालासाहेब मिलिटरीतून सुट्टीवर आलाय. जेवताना म्हणाला, दाजी, तुमाला जिना चढवंना, डोंगर कुठला? म्हटलं, बघच तू. उद्यापासून प्रॅक्टिस.

२ जुलै
पाऊस. नवे शूज भिजले असते. उद्यापासून नक्की.

११ जुलै
आज उघडीप होती. पण मोठे खेळाडू शर्यतीआधी रेस्ट घेतात. माझी रेस्ट एकदम कडक चाललीय. संध्याकाळी भजी, दोन प्लेट. ताकद लागते.

१९ जुलै
आयोजक विश्वजितचा मेसेज. अतिवृष्टीमुळं उद्याची दौड रद्द, फी परत मिळणार नाही.
सुटलो! देव आहे!
लालासाहेबासमोर मात्र लय चिडून दाखवलं. पहिला नंबर हुकला म्हटलं. तो हसला. मग खरंच चिडलो.

२० जुलै
विश्वजितला फोन. रद्द तू केलंस, मग माझे पैसे तुझ्याकडं कशापायी? म्हणाला, आवं नानासो, पाऊस मी पाडला व्हय? नियमात लिवलंय की. म्हटलं, असले एकतर्फी नियम ग्राहक आयोगात टिकत नाहीत. बाकीचे दोनशे जण गप्प बसले. मेंढरं नुसती. मी बसणार नाही.

२२ जुलै
नोटीस स्वतःच लिहिली. वकील कशाला? शेवट फर्स्ट क्लास जमलाय: 'ठरलेली सेवा द्यावी, अन्यथा संपूर्ण फी परत करावी.' गल्लीच्या ग्रुपवर पण टाकली. अंगठेच अंगठे! लालासाहेबानंही दिला.

२५ जुलै
विश्वजितचं उत्तर आलं. फी मंडपात खर्च झाली. पैसे नाहीत, पण सेवा देतो. रविवारी उघडीप आहे. दौड घेणार, फक्त तुमच्यासाठी.
आयला. नोटिशीत दोन पर्याय द्यायला नको होते.
बायकोला, अंजनाला, म्हटलं, गुडघा दुखतोय. म्हणाली, आवं, गल्लीनं जीप ठरवलीया, हलगीवाला सांगितलाय, आता कुठला गुडघा काढताय?

२७ जुलै, सकाळ
हलगी, अँब्युलन्स, सगळी गल्ली. शिट्टी झाली. सुरुवात झकास. पहिल्या वळणापर्यंत मीच पुढं.
वळणावर बसलो. स्ट्रॅटेजी.
अंजना पाण्याची बाटली घेऊन मागनं चालत येत होती. साध्या चपलेवर. म्हणाली, तुमी या सावकाश, मी फुडं जाऊन सांगते.

२७ जुलै, संध्याकाळ
पोचलो तेव्हा मंडप सोडत होते. मेडल एकच आणलं होतं, ते अंजनाच्या गळ्यात. लालासाहेबानं माईकवरनं जाहीर केलं, एकट्याच्या दौडीत आमचे दाजी दुसरे!
विश्वजितनं कागद पुढं केला. 'सेवा पूर्ण मिळाली, तक्रार नाही.' सही केली. पेन धरायला अंजनानं हात दिला. म्हणाली, आवं, पैसं वसूल झालं की.