तिसऱ्या कडव्यातलं रडणं

प्रिय रोवेना,

सात आठवडे झाले, तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहायला बसले. बाबा गेल्यावर चर्चच्या बायकांनी ज्यांतून जेवण आणलं, ती भांडी काल घासून परत केली. प्रत्येकीनं तळाला नावाची चिकटपट्टी लावली होती, त्यामुळे घोळ झाला नाही. कोंबड्या विकल्या. शेजारच्या क्लीटसनं दोन्ही शेड झाडून दिल्या आणि जाताना म्हणाला, "व्हर्डीताई, काही लागलं तर हाक मारा." मला काही लागत नाही. समोर आलं की खाते, अंथरूण दिसलं की झोपते. रडू मात्र येत नाही. परवा कांदे चिरले, तेव्हा डोळ्यांतून पाणी आलं. पुसून टाकलं.

तुझ्या बाबांच्या दफनाच्या दिवशी पास्टर लेस्टर म्हणाले, "व्हर्डी, हॉइटसाठी तुझं ते गाणं म्हण," आणि मी उभी राहिले. तिसऱ्या कडव्यात माझा आवाज फुटला, पंचवीस वर्षं जिथे फुटतो तिथेच. गाणं संपल्यावर मी सवयीनं लोकांपुढे मान लववली. वर बघते तर तुझी जागा रिकामी. बाहेर गाडीपाशी तू म्हणालीस, "आई, बाप मेलाय माझा. तुझा कार्यक्रम नव्हता हा." तू बोललीस ते खरंच होतं.

मोज्यांच्या गिरणीत मी मोज्यांची टोकं शिवायची. यंत्रांच्या वर आवाज चढवून गायची, तेव्हा सबंध रांग हात न थांबवता ऐकायची. हॉइट तिथे यंत्रं दुरुस्त करायचा. आपल्या फोर्ट पेन गावच्या रेडिओवर मला पहिल्यांदा त्यानंच नेलं, आणि लग्नानंतर, गाण्याच्या तबकड्या निघतात त्या नॅशव्हिलला जा म्हणून मागेही तोच लागला. "मोजे शिवणाऱ्या इथं शंभर आहेत. तू जा गं. पोरगी मी बघतो." तू चार वर्षांची होतीस. वर्षभरात येते, असं मी तुला सांगितलं होतं.

पहिल्या तीन तबकड्या कुणी ऐकल्याही नाहीत. मग ते गाणं आलं. नवरा गेल्यावरही त्याची टोपी खुंटीवरून न काढणाऱ्या बाईचं. लिहिणाऱ्याचं लग्नसुद्धा झालं नव्हतं. जेवणाच्या सुट्टीत बसून लिहिलं म्हणाला. ध्वनिमुद्रण करणारा मला म्हणाला, "बाई, तिसऱ्या कडव्यात जरा रडाल का?" मी रडले. त्या एका हुंदक्यानं मला सगळीकडे फिरवलं. वर्षाला दोनशे कार्यक्रम, बस, जत्रा, पुन्हा बस. सुरुवातीला मी डोळे मिटून हॉइट मेलाय अशी कल्पना करायची. दोनेक वर्षांनी कल्पनेचीही गरज उरली नाही. कडवं आलं की पाणी येई, नळ सोडल्यासारखं.

हॉइट एकदाच मला ऐकायला जवळच्या बर्मिंगहॅमला आला. नंतर वादकांच्या घोळक्यात येऊन म्हणाला, "व्हर्डे, मी अजून जिवंत आहे बरं का. घरी येऊन खात्री करून घे." सगळे हसले. मीही हसले, आणि बसमध्ये चढले.

आता जे लिहिते आहे ते तुला ठाऊक नाही. अलीकडे मी रोज गात होते त्या मिझुरीच्या थिएटरात तू फोन केलास, बाबा कोंबड्यांच्या शेडमध्ये पडले, गेले म्हणालीस, तेव्हा सकाळचा खेळ नुकताच संपला होता. मी म्हटलं, "बरं, निघते." पण मी लगेच निघाले नाही, रोवेना. मॅनेजरला काही सांगितलं नाही. केस नीट केले, दोनचा खेळ केला. म्हाताऱ्यांच्या तीन बसगाड्या आल्या होत्या. गाणं म्हटलं, तिसऱ्या कडव्यात रडले, लोक उठून उभे राहिले. एका बाईनं पुढे येऊन माझा हात धरला, "परवा माझेही गेले हो," म्हणाली आणि ढसाढसा रडली. मी तिला रुमाल दिला. माझं रडणं तोवर थांबलं होतं. मग गाडी काढली.

थिएटरवाल्यांना परत येत नाही म्हणून कळवलंय. त्याचंही काही वाटलं नाही.

लिहिण्याचं कारण वेगळंच आहे. बाबांच्या कबरीचा दगड घडवणाऱ्या टिडमोरचे दोन फोन येऊन गेले. "बाई, नाव आणि तारखा झाल्या. खाली एक ओळ हवी. काय घालू?" मी तीन दिवस कागद घेऊन बसले. सुचतात त्या सगळ्या गाण्यातल्याच ओळी. त्यातला माणूस कधी जन्मलाच नव्हता. आणि आपला हॉइट कॉफीत साखर घालायचा की नाही, ते मला आठवेना. डब्यात साखर सापडली, पण ती तूही आणली असशील. मी महिन्यातले चार दिवस त्याच्या घरी पाहुणी होते. तू त्याच्या हाताखाली वाढलीस. ती ओळ तू दे. टिडमोरचा नंबर मागच्या बाजूला लिहिलाय, सरळ त्याला सांग. मला आधी कळवू नकोस. दगड बसला की मी तिथे जाऊन वाचीन.

तुझीच, जशी आहे तशी,
आई