बोर्डामागची भिंत

आबा, लोणखेड्याच्या रस्त्यावरच्या त्या जुन्या जिनिंगच्या गोदामात काल चित्रांचं दालन उघडलं. पुण्याच्या एका गॅलरीची ही नवी जागा. जिथे कापसाच्या गाठी छताला टेकायच्या, तिथे आता माणसं हात मागे बांधून चालतात आणि देवळात असल्यासारखी हळू बोलतात. आतलं सगळं काम माझं. छत, दिवे, भिंती. मला पुढे बोलावून शाल दिली. मागून कोणी म्हणालं, ‘शेठ, गोदामना राजवाडा करी टाका तुम्ही.’ मी हसलो. मला हसता चांगलं येतं, अर्धा धंदा त्यावरच उभा आहे. पण कालपासून डोकं फिरलेलं आहे, आणि ते कोणावर काढावं हे कळेना, म्हणून तुम्ही नसलात तरी तुम्हालाच लिहायला बसलोय.

उत्तरेकडच्या भिंतीचा गिलावा तुमचा. चुना खड्ड्यात आठ-दहा दिवस मुरवायचा, त्यात गुळाचं पाणी, बेलाचा गर, आणि मग गुळगुळीत दगडानं घोटत बसायचं. त्या दिवसांत तुमची बोटं इतकी फाटायची की भाकर मोडता यायची नाही. आई चुलीपुढे बसून तुम्हाला तुकडे करून द्यायची आणि तुम्ही माझ्याकडे न बघता खायचात. गिलावा वाळला की तुम्ही बोटाच्या पेरानं भिंत वाजवत जायचात. एकदा मी लांबूनच म्हणालो, ‘चांगलं शे, आबा.’ तुम्ही माझी मान धरून कान भिंतीला टेकवलात. ‘डोयाले काय समजस? कान लाव.’ मग वाजवलंत. एका जागी आवाज बद्द आला. ‘हाई पोकय शे. फोड.’ वीतभर जागेसाठी तुम्ही दोन हात भिंत फोडायला लावलीत. माझे कान तिखट आहेत असं लोक म्हणतात. ते तिथे तयार झाले.

तर तीन महिन्यांपूर्वी गॅलरीच्या मॅडम त्याच भिंतीपुढे उभ्या होत्या. ‘ही जुनी भिंत तशीच ठेवता येईल का?’ मी वाजवली. या टोकापासून त्या टोकापर्यंत, कुठेही बद्द नाही. इतक्या वर्षांनी. मॅडम म्हणाल्या, ‘कोणी केली असेल? नाव कळलं तर पाटी लावू.’ शेजारी जिनिंगच्या मालकांचा नातू उभा होता. तो मला शेठ म्हणतो, माझ्या मुलाच्या लग्नात माझ्या पंगतीला बसला. मी तुमचा मुलगा हे त्याला ठाऊक नाही. त्याच्या आजोबांच्या वेळी तुमचा चहाचा कप याच दाराबाहेर खुंटीला वेगळा टांगलेला असायचा. मी तो कप पाहिलाय, त्याला कान नव्हता. मी म्हणालो, ‘ओल धरते मॅडम, पापुद्रे सुटतील. बोर्ड मारू.’ आणि चार बोटांची पोकळी सोडून अख्ख्या भिंतीवर जिप्समचे बोर्ड मारले, वर प्लास्टिकचा पांढरा रंग. दिसायला दुधासारखी.

त्या भिंतीवर मोलगीकडची एक आदिवासी मुलगी चित्र काढणार होती. तिची आई घरात पांढऱ्या मातीनं काढते, तसंच. माती तिनं घरून आणलेली, पोत्यात, जीपच्या टपावर टाकून. परवा काढलं, छान दिसलं. काल पाहुणे यायच्या आत माती सुटायला लागली; चुन्याला धरते तशी ती प्लास्टिकच्या रंगाला धरत नाही. भाषणं चालू असताना चित्रातल्या घोड्याचे पाय खाली पडले. पुढे उभा असलेला एक शेतकरी शेजारच्याला विचारतो, ‘हाई असंच शे, का पडी ऱ्हायनं?’ लोक हसले. मुलगी ओढणीनं खालची माती गोळा करत होती. मग उठली, आणि आबा, तिनं बोटाच्या पेरानं भिंत वाजवली. दोनदा. मला म्हणाली, ‘काका, ही पोकळ आहे. मागे खरी भिंत असेल ना?’

मी म्हणालो, ‘होती. खराब झालेली.’

ती म्हणाली, ‘मग माझ्याच मातीत काही चुकलं असेल.’ आज सकाळी डिंक घालून तिनं पुन्हा काढलं. दुपारी पुन्हा पडलं. मॅडम समजावत होत्या, पडणं हाही चित्राचाच भाग आहे म्हणे. मला तिथेच ओरडावंसं वाटलं, पण कोणत्या तोंडानं ओरडू? स्क्रू काढायला माझ्या माणसांना अर्धा दिवस पुरेल. किल्ली माझ्या खिशात आहे. पण भिंत उघडली की पाटीचा विषय निघेल, आणि तो नातू तिथेच असेल.

मघाशी निघताना तिनं दाराशी उभं राहून आईला फोन लावला. पावरीत, त्यांच्या बोलीत बोलत होती, मला कळत नाही असं समजून. विचारत होती, यंदा माती कुठून काढली होतीस, तिला काय झालंय. आईनं काय उत्तर दिलं तेही मला ऐकू आलं. म्हणाली, मी आता म्हातारी झाले, माझा हात चुकला असेल.

मी दाराला कुलूप लावलं आणि घरी आलो. हे अजून कोणाला सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय, कारण तुम्ही काही विचारणार नाही.