पेटीखालचा बर्फ

हिवाळी तळ,
थंडीच्या नऊ नवकांपैकी तिसऱ्या नवकाचा चौथा दिवस

चि. उदवल,

तुझा हिवाळा सुखाचा जातोय ना? आमचा बरा चाललाय. जनावरं धड आहेत, सरपण आहे, गुडघे मात्र माझं ऐकत नाहीत. शहरातल्या धुरानं तुला खोकला झाल्याचं कळलं. चहात लोणी घालून पीत जा. तोंड वाकडं करू नकोस, मला इथून दिसतंय.

नवी बॅटरी आता मी सांभाळते. उठले की याकच्या शेपटीनं सोलरच्या प्लेटवरचा बर्फ झाडते. सूर्य फार वर येत नाही म्हणून प्लेट जवळजवळ उभीच केलीय. बॅटरीचं पाणी बघते. सगळं तू शिकवलेलं. तेव्हा मी तुला टोमणा मारायचे, की एवढी सेवा सासूची केली असतीस तर! आता माझ्या पलंगाखाली लोकरीच्या नमद्यात गुंडाळलेली बॅटरीची पेटी बघून गानझोरिग म्हणतो, एवढं पांघरूण मला, पोटच्या पोरालाही, कधी घातलं नाहीस.

आता मुद्द्याचं लिहिते. या आधीची तीन पत्रं इथवर येऊनच फाडली.

गेल्या नववर्षाला तुम्ही दोघं तुझ्या माहेरी गेलात. जाताना तू बजावलं होतंस, "आई, अर्ध्याच्या खाली उतरू देऊ नका. रिकामी बॅटरी थंडीत गोठते." मी दोन दिवस त्याच बॅटरीवर टीव्ही लावून कुस्त्या बघितल्या, अगदी शेवटच्या जोडीपर्यंत. त्यात वादळ आलं, प्लेट बर्फाखाली गेली आणि पाच शेळ्या वेळेआधी व्याल्या. करडं थरथरत होती आणि चुलीजवळची जागा त्या पेटीनं अडवलेली. माझं डोकं फिरलं. मी ती ओढत तंबूबाहेर नेऊन ठेवली. दोन दिवस ती तिथेच होती. तुम्ही यायच्या सकाळी गुपचूप आत आणली.

चुलीच्या उबेनं आतला बर्फ वितळला आणि फुटलेल्या पोटातून ॲसिड गळायला लागलं. गानझोरिगनं विचारलं, हे कसं झालं? मी म्हणाले, "जाण्याआधी पाणी हिनंच घातलं होतं."

ते खोटं नव्हतं, म्हणून तर जास्त वाईट.

तू खाली बसलीस, पेटीच्या बुडाला अजून चिकटून राहिलेला बाहेरचा बर्फ फडक्यानं पुसलास आणि एकदा माझ्याकडे बघितलंस. तुला सगळं कळलं होतं. पुढे तो तुला महिनाभर घालूनपाडून बोलला तेव्हाही तू माझं नाव घेतलं नाहीस. वसंतात तू घर सोडून शहराकडे निघालीस, मी तुझ्या वाटेवर रीतीप्रमाणे दूध शिंपडलं आणि तोंड मिटून उभी राहिले. पोरी, मला त्याची फार लाज वाटते.

करडं पाचही जगली.

काल गानझोरिगला खरं सांगितलं. तो बराच वेळ स्वच्छ प्लेटच पुसत बसला. मग म्हणाला, "लिही. पत्र मी स्वतः नेतो." तेव्हा दाराशी उभा आहे तो तोच. त्याला बोलायला वेळ लागेल. परत यायचं की नाही ते तू ठरव, तुला बोलावण्याचा हक्क मी घालवलाय. फक्त त्याला चहा दे.

आपल्याकडच्या मायेच्या रीतीनं तुझ्या दोन्ही गालांचा वास घेते.

वर्षभर तुझ्या पाठीमागे लपलेली,
तुझी सासू
त्सेंडमा