नावाआधीचा ‘डॉ.’

शुक्रवार, ७ नोव्हेंबर २०२५

गणपतची जखम लाल दिसायला लागली! आतून भरतेय. महिन्यापूर्वी अंगठा जातो की काय, असं वाटत होतं.

कुवेतच्या अब्बासियातली ती सुतारांची खोली, खाटेवर खाट. ड्रेसिंग होईस्तोवर बाकीच्यांची रांग — कुणाची साखर, कुणाचं बीपी. गणपत दटावतोय, “डॉक्टरीणबायला च्या तरी पिऊ दे रे!”

“नर्स आहे मी, गणपतदादा.”

“तेच ता!”

परतताना तेजस्वी म्हणाली, आता हे नीट उभं करू. ती आमच्याच क्लिनिकची फिजिओ, चिपळूणची. फिंतासमधल्या कुटुंबांना घरी सेवा हवी असते, ती पैसे देतील. त्यातून अब्बासियातल्यांचं फुकट. नफा कुणी घ्यायचा नाही, कामातच घालायचा. नावही ठरलं — दिलासा. बसमध्ये मी एकटीच हसत होते.

रविवार, ९ नोव्हेंबर

जवेरियाला भेटले. कॉलेजची मैत्रीण, इथे वकिलाच्या ऑफिसात भाषांतर करते. वाटलं, शाबासकी देईल.

“नफा नाही म्हणजे कायदा नाही, असं कोण म्हणालं तुला?”

माझा इकामा — इथे राहण्याचा परवाना — क्लिनिकच्या नावावर. म्हणजे काम तिथलंच — बाहेर फुकटसुद्धा नाही. नर्सिंगचं लायसन्सही त्याच जागेपुरतं. बँडेज क्लिनिकची वापरता का? नाही! आम्ही विकत घेतो. आणि गणपतचा नंबर कुठून मिळाला? क्लिनिकच्या रजिस्टरमधून...

स्वतःची संस्था काढायची तर कुवेती भागीदार हवा, आरोग्य खात्याचा परवाना हवा. परवानगीशिवाय देणगी मागायचं तर नावच नको.

“मग काय करू?”

“मॅनेजरला विचार. योजना क्लिनिकची, तुम्ही दोघी तिच्यात कामाला. आणि तोवर अब्बासियात पाऊल टाकू नकोस, अदिबा. इकामा गेला की विमानातच बसवतील.”

घरातली पहिली ग्रॅज्युएट. घरातली पहिली हद्दपारही मीच व्हायची!

पण जखमेला “तोवर” कसं समजवायचं?

मंगळवार, ११ नोव्हेंबर

मॅनेजरने रविवारची वेळ दिली. “इन्शाल्ला” म्हणाला, हसून. ते हसणं ‘हो’ होतं की ‘नाही’?

गुरुवार, १३ नोव्हेंबर



गावच्या जमातीच्या ग्रुपवर पोस्टर. माझा फोटो, क्लिनिकचा कोट घातलेला. “डॉ. अदिबा यूसुफ यांचा मोफत दवाखाना, दर शुक्रवारी, अब्बासिया. सढळ हाताने मदत करा.” खाली अब्बांचा नंबर.

फहाहीलला धावले. अब्बा टेलरिंगच्या दुकानात कुणाच्या तरी पॅन्टची शिलाई उसवत होते. चेहरा नुसता फुललेला! शेजारच्या फोटोवाल्याकडून करून घेतलं म्हणे.

“अब्बा, मी डॉक्टर नाही!”

“सफेद कोट हाय, लोक बरे होतात. आनि काय लागतं डॉक्टरला?”

“तो शब्द लावला तर गुन्हा आहे इथे.”

“गुन्हा? गावात तर सगळे तुला डॉक्टरच म्हणतात.”

म्हणतात, कारण अब्बांनीच तसं सांगितलंय. बी.एस्सी. नर्सिंगला ॲडमिशन मिळाली त्या दिवशी मशिदीसमोर पेढे वाटले — “माजी बेटी डॉक्टर व्हायला चालली.” नर्स हा शब्द त्यांच्या तोंडून मी कधी ऐकलाच नाही.

ग्रुपवरून पोस्टर काढून टाकलं. पण तोवर पुढे गेलं होतं. जवेरियाचा मेसेज: “एका पोस्टरमध्ये सगळेच गुन्हे बसवले! तुझे अब्बा कमाल आहेत.” खाली दुसरा: “हसू नकोस. क्लिनिकपर्यंत पोचलंय का बघ.”

शुक्रवार, १४ नोव्हेंबर

गेले नाही. गणपतचा फोन. “आज शुक्रवार ना, डॉक्टरीणबाय? पानी गरम करून ठेवलाय.”

मुस्तौसफात, सरकारी दवाखान्यात जा म्हटलं, तिथेही ड्रेसिंग करतात.

“तिथं माझी भाषा कोनाला कळते? रागावलात काय?”

नाही म्हटलं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

मॅनेजरचा निरोप: उद्या येताना पासपोर्टची प्रत आण. योजनेबद्दल शब्द नाही. पोस्टर पोचलं तर!

अब्बांना सांगितलं. ते उठून शर्टाला इस्त्री करत बसले.

रविवार, १६ नोव्हेंबर

अब्बा माझ्या आधी येऊन गेले होते. रिसेप्शनवर, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात, मोडक्या अरबीत सांगितलं म्हणे — माझी मुलगी नर्स आहे. फक्त नर्स. डॉक्टर मी लिहिलं, पैसे मी मागितले, तिला ठाऊक नव्हतं. हेच पोलिसांना सांगा म्हणून मॅनेजरने त्यांना पोलीस ठाण्याचा पत्ता दिला. ते चालतच गेले.

माझी नोकरी वाचली. अब्बांचा फोन तेव्हापासून बंद आहे.